आर्क्टिकच्या लॅबमध्ये जायचंय, पण मला तिथे घेणार कोण?

एका वाचक मुलीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. लिहिणारी डिचोली तालुक्यातली, गोव्यातच मरीन सायन्समध्ये पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय झुआरीच्या मुखाजवळचे कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, पाणी तापलं की ते किती ऑक्सिजन ओढतात हे ती मोजते. एका ऑनलाइन सेमिनारनंतर युरोपातल्या एका संशोधिकेने तिला म्हटलं की तुझी पद्धत आमच्या स्वालबार्डच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांवरच्या, प्राण्यांवर करून बघायला हवी, कधीतरी ये तिथल्या नी-ऑलेसुंडला. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. तिने तिथल्या मरीन लॅबला मेल केला, उत्तर एका ओळीचं आलं, "तुम्ही कोणत्या प्रोजेक्टखाली येणार?" आणि त्यावर काय लिहायचं हे न कळल्याने तिने पुढे काहीच लिहिलं नाही. गाईड म्हणतात आधी थिसिस. बाबा म्हणतात एफडी मोडतो, तू जा. आईला अस्वलांची भीती वाटतेय. तिचे प्रश्न तीन: गाईडना न सांगता अर्ज करू का, बाबांचे पैसे घेऊ का, आणि आर्क्टिक केलं नाही तर पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, मिळणारच नाही ना?

---

आधी पैशांचं बोलते, कारण पत्रात ते तू अगदी शेवटी लिहिलंयस आणि मला वाटतं तेच तुला सगळ्यात जास्त टोचतंय. बाबांना एफडी मोडू देऊ नकोस. त्यांचं मन मोठं आहे, त्यांना तसं सांग, पण पैसे घेऊ नकोस. एक तर खर्च नुसत्या तिकिटाचा नाहीये, तिथलं राहणं, मेसचं जेवण, लॅबमधल्या जागेचं भाडं, बोटीचा वेळ, विमा, सामान पाठवायचा खर्च, सगळं नॉर्वेच्या दराने. आणि दुसरं म्हणजे पैसे हातात असले तरी नुसती खोली बुक करून तिथे संशोधक म्हणून काम करता येत नाही, प्रोजेक्ट नोंदलेला नसेल तर लॅबचं टेबल मिळत नाही. म्हणजे घरचे पैसे घालूनसुद्धा तुझी अडचण होती तिथेच राहील.

आता तो एका ओळीचा मेल. तू त्याला नकार समजलीस आणि गप्प बसलीस. मला तो नकार वाटत नाही गं, ती फॉर्ममधली पहिली रिकामी जागा आहे. तिथलं सगळं कसं चालतं हे थोडं सांगते म्हणजे तुला कळेल की समोरच्या माणसाने असं का विचारलं. नी-ऑलेसुंड ही ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळची एक छोटी वस्ती, पूर्वी कोळशाच्या खाणीची. १९६२ च्या मोठ्या अपघातानंतर खाण बंद झाली आणि हळूहळू गाव संशोधनाचं झालं. जागा, घरं, मेस, बोटी, सगळं किंग्स बे नावाची नॉर्वे सरकारची कंपनी चालवते, २००५ मध्ये सुरू झालेली मरीन लॅबही तीच चालवते. दहाएक देशांच्या संस्थांची तिथे बिऱ्हाडं आहेत, जर्मनी-फ्रान्सचं एकत्र, ब्रिटनचं, कोरियाचं, चीनचं, इटलीचं, आणि आपलं 'हिमाद्री', १ जुलै २००८ ला उघडलेलं. तिथे कोणीही काम करायला जायचं तर आधी 'रिसर्च इन स्वालबार्ड' या पोर्टलवर प्रोजेक्ट नोंदवावा लागतो, त्याला नंबर मिळतो, मग त्या नंबरावर राहणं, लॅब, बोट यांचं बुकिंग होतं. आधी प्रोजेक्ट, मग माणूस. त्यामुळे ज्याने तुला उत्तर दिलं त्याला तुझी हुशारी किंवा डिग्री तपासायची नव्हती, त्याला फक्त तुझी नोंद कुठल्या नंबराखाली करायची ते हवं होतं.

तू तुझा मेल पत्रासोबत जोडलास ते बरं केलंस. त्यात "रिस्पेक्टेड सर" आहे, आर्क्टिकबद्दल लहानपणापासूनची ओढ आहे, क्लायमेट चेंजवर एक परिच्छेद आहे, संधी दिल्यास मी आजन्म ऋणी राहीन असंही आहे. पण कोपेपॉड हा शब्द पार चौथ्या परिच्छेदात येतो आणि किती दिवस, कुठल्या महिन्यात, किती पाणी, किती थंड खोली हे कुठेच नाही. आपल्याला शाळेपासून अर्ज असेच शिकवले जातात, विनंती जितकी नम्र तितकी चांगली, आणि इथल्या ऑफिसांत ते चालतंही. पण लॅब मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही, कारण त्याच्यापुढे प्रश्न असतो की जुलैमध्ये कोल्ड रूम कोणाला द्यायची. तुझा मेल पाच ओळींचा असायला हवा: अमुक प्राणी जिवंत पकडून, इतक्या तापमानांना, बंद बाटल्यांत ऑक्सिजन सेन्सर लावून श्वसन मोजायचंय, वाहतं समुद्राचं पाणी आणि तापमान नियंत्रित खोली इतके आठवडे लागेल, जाळी ओढायला इतक्या वेळा बोट लागेल, सेन्सर माझे मी आणते, यजमान अमुक संस्थेच्या अमुक बाई. बस्स.

पण हा मेल लिहायच्या आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवायला लागेल आणि ती मला तुझ्या पत्रात सापडली नाही. तुझ्या प्रश्नाला तिथेच जायची गरज आहे का? "मला जायचंय" हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, पण ते झालं तुझं कारण, प्रोजेक्टचं कारण वेगळं असतं. नॉर्वेने २०१९ मध्ये नी-ऑलेसुंडसाठी रिसर्च स्ट्रॅटेजी काढली, तिचा रोखच हा आहे की तिथे तेच काम व्हावं ज्याला ती जागा खरोखर लागते, कारण जागा छोटी आहे आणि माणसांच्या वावराचा तिथल्या निसर्गावर परिणाम होतो. चार मोठे कार्यक्रम आहेत, वातावरण, हिमनद्या, जमिनीवरची जीवसृष्टी आणि काँग्सफ्योर्ड या तिथल्या खाडीची सिस्टिम. तुझं काम शेवटच्या कार्यक्रमात बसू शकतं, म्हणून तिकडे काय चाललंय ते आधी वाच.

आणि तिकडे चाललेलं तुझ्या विषयाला फारच जवळचं आहे, मला तर वाचून तुझा हेवा वाटला. काँग्सफ्योर्ड ही साधारण २० किलोमीटर लांब खाडी, एका टोकाला समुद्रात तुटणाऱ्या हिमनद्या आणि दुसरं टोक उघडं, तिथून अटलांटिकचं गरम खारं पाणी आत येतं. २००६ च्या हिवाळ्यापासून ते पाणी इतकं जोर धरून यायला लागलं की खाडीत पूर्वीसारखा हिवाळी बर्फ धरत नाही. त्या पाण्याबरोबर अटलांटिकचा कोपेपॉड येतो, कॅलॅनस फिनमार्किकस, आणि थंड पाण्यातला मूळचा म्हणजे कॅलॅनस ग्लेशियालिस. ग्लेशियालिस साधारण मोठा आणि अंगात जास्त चरबीवाला, तिथले लिटल ऑक पक्षी त्याच्यावर पोसतात. चरबी कमी असलेला पाहुणा वाढला तर पक्ष्यांना तेवढ्याच पोटासाठी जास्त शिकार करावी लागते. आणि दोघांना नुसत्या लांबीवरून ओळखणं धोक्याचं आहे, मापं एकमेकांत मिसळतात, डीएनए बघितल्यावर कित्येक वेळा नाव बदलतं. आता विचार कर, एकाच बादलीतले दोन भाऊबंद, पाणी दोन अंशांनी तापवलं तर कोणाचा श्वास आधी वाढतो, हा प्रश्न तुझ्या झुआरीच्या पद्धतीने सरळ विचारता येतो. हे मोजायला प्राणी जिवंत हवा, पकडल्यापासून काही तासांत थंड पाण्यात हवा, फॉर्मालिनच्या बाटलीतला मेलेला चालत नाही. हे झालं तिथे जायचं कारण, आणि ते तुझ्याकडे आहे, फक्त तू लिहिलेलं नाहीस.

उलट, तुला कुठली जात किती संख्येने आहे एवढंच बघायचं असेल, तर जाऊ नकोस. युरोपातल्या त्या बाईंना सांग, त्यांच्या नेहमीच्या सॅम्पलिंगमधून एक भाग वेगळा काढून ठेवा, डीएनए करायचं असेल तर अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मालिनमध्ये डीएनए खराब होतो. मोजमापांचा डेटा हवा असेल तर तोही आहे, आपलं 'इंडआर्क' हे उपकरण जुलै २०१४ मध्ये काँग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली उतरवलं, तापमान-क्षाराच्या नोंदी घ्यायला, शिवाय स्वालबार्डच्या बऱ्याच नोंदी उघड्या पोर्टलवर असतात. हे माझ्या इतर वाचकांसाठीही सांगतेय, विशेषतः कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी ज्यांना महिनाभर रजा मिळणं शक्य नाही. परदेशातल्या लॅबचा उपयोग करून घेणं म्हणजे स्वतः तिथे उभं राहणं एवढंच नसतं. सॅम्पल मागवणं, डेटावर काम करणं, दुसऱ्याच्या टीमकडून आपला एक प्रयोग करून घेणं, हेही खरंखुरं संशोधन आहे आणि त्यावर पेपर होतात.

आता मला खरंच कळलं नाही ते एक. तू गोव्यात राहतेस. भारताचं सगळं आर्क्टिकचं काम, हिमाद्रीसकट, वास्कोला हेडलँड सड्यावरून चालतं, एनसीपीओआरमधून, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. तुझ्या पत्रात नॉर्वे आहे, जर्मनी आहे, युरोपच्या फेलोशिप आहेत, सडा कुठेच नाही. डिचोलीहून पणजी, पणजीहून वास्को, एवढा प्रवास. मला वाटतं आपल्याकडे असा समज झालाय की ती सरकारी संस्था आहे म्हणजे तिथे फक्त तिथलेच शास्त्रज्ञ जातात. तसं नाही. भारतीय आर्क्टिक मोहिमा २००७ पासून चालू आहेत, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही माणसं जातात, आणि युनिव्हर्सिट्या, इतर संस्था यांच्याकडून प्रोजेक्ट मागवले जातात. प्रपोजल बहुतेक करून गाईडच्या नावाने जातं, विद्यार्थी टीममध्ये असतो. ते मंजूर झालं तर प्रवास, राहणं, विमा, पोर्टलवरची नोंद हे सगळं एका चौकटीत येतं आणि तू एकटी मेल करत बसत नाहीस. वेळ लागतो, कॉल कधी निघतो त्यावर लक्ष ठेवावं लागतं, मेडिकल तपासणी होते, आणि प्रपोजल परतही येऊ शकतं. पण हा रस्ता आधी बघ.

दुसरा रस्ता तुला बोलावणाऱ्या युरोपातल्या बाईंच्या टीममधून. त्यांचा चालू प्रोजेक्ट असेल तर त्याच नंबराखाली तुझं नाव वाढवता येतं का एवढंच विचार, नवीन प्रोजेक्ट काढण्यापेक्षा ते खूप सोपं. तिसरा म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणारे ॲक्सेस कार्यक्रम, सध्या 'पोलारिन' नावाचं नेटवर्क ध्रुवीय स्टेशनं आणि जहाजं वापरायला देण्यासाठी कॉल काढतं, निवड झाली तर तिथला वापर फुकट. पण युरोपबाहेरच्या लोकांसाठी अशा कार्यक्रमांत जागा मर्यादित असतात, म्हणून युरोपातल्या जोडीदाराबरोबर अर्ज केलेला बरा. 'आर्क्टिक फील्ड ग्रँट'चं नाव तू लिहिलंयस, ती तुला चालते का ते आधी तिच्या नियमांत बघ, मगच त्यात वेळ घाल. आणि आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल ग्रँट कॉन्फरन्ससाठी असतात, लॅबच्या कामाला चालतात का ते अर्जाआधी वाचून घे.

गाईडना न सांगता अर्ज करू का? नाही. मी हे शिस्त म्हणून म्हणत नाहीये, व्यवहार म्हणून म्हणतेय. सुट्टीचं पत्र, संस्थेचं नो-ऑब्जेक्शन, उपकरणं बाहेर न्यायची परवानगी, उद्या पेपरवर नावं, प्रत्येक कागदावर त्यांची सही आहे. शिवाय झुआरीतले तुझे नमुने तुलनेसाठी तिकडे न्यायचे म्हटलंस तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो, आपल्याकडचं जैविक साहित्य परदेशी संस्थेला देण्यासाठी परवानगी किंवा मान्य केलेला संयुक्त प्रोजेक्ट लागतो, ते तू एकटी खिशात बाटली घालून करायचं काम नाही. आणि जरा त्यांच्या बाजूनेही बघ. "आधी थिसिस" याचा अर्थ तू "नको" असा लावलास. तिसऱ्या वर्षाची मुलगी सहा आठवडे जाऊन नवीनच विषय घेऊन परत आली आणि जुना अर्धा राहिला, हे त्यांनी कोणाच्या बाबतीत तरी पाहिलं असेल. त्यांच्याकडे जाताना "मला आर्क्टिकला जायचंय" असं नको म्हणूस. एक पान घेऊन जा, त्यावर हा प्रयोग थिसिसच्या कुठल्या चॅप्टरला काय देतो, नाही झाला तरी थिसिस कसा पूर्ण होतो, आणि जायच्या आधी कुठले दोन चॅप्टर संपवणार, तारखांसह. मग त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचार आणि ते कारण शांतपणे ऐक. कदाचित पुढचं साल जास्त सोयीचं असेल आणि त्यात काही बिघडत नाही, खाडी पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच आहे, काम तर जास्तच महत्त्वाचं झालेलं असेल.

पण ते नुसतं टाळताहेत, चर्चाच करत नाहीत असं झालं तर तुझ्या रिसर्च कमिटीच्या बैठकीत हा मुद्दा लेखी मांड. ती कमिटी त्यासाठीच असते आणि तिथे विचारणं म्हणजे गाईडची तक्रार करणं नव्हे.

महिना कुठला मागायचा ते नीट ठरव. तिकडे एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत सूर्य मावळत नाही आणि लॅबला सगळ्यात जास्त गर्दी उन्हाळ्यातच. प्रत्येकजण जुलै मागतो. तुझ्या प्रयोगाला मे किंवा सप्टेंबर चालत असेल तर तसं लिही, जागा मिळायची शक्यता वाढते. सप्टेंबर म्हणजे चवथीला घरी नसशील असं होऊ शकतं, तेवढं आईशी आधी बोलून ठेव. आणि रसायनांचं काय लागणार ते खूप आधी कळव, अल्कोहोल किंवा फॉर्मालिन बॅगेत घालून विमानात नेता येत नाही, तिथे असल्या सामानाचं दुकान नाही, जे मागवायचं ते मालवाहू बोटीने किंवा छोट्या विमानाने येतं, विसरलेली एक छोटी रबरी नळीसुद्धा आठवडा खाऊ शकते. म्हणून तुझा पूर्ण सेटअप इथे एकदा थंड पाण्यात लावून बघ. झुआरीचं पाणी अठ्ठावीस-तीस अंश असतं, तुझे सेन्सर त्या तापमानाला बसवलेत, शून्य ते पाच अंशांत ते नीट वाचतात का, हवेतल्या दमटपणाने काचेवर पाणी धरतं का, प्राणी थंडीत हळू श्वास घेतो म्हणून बाटली किती छोटी लागेल, हे सगळं इथल्या कोल्ड रूममध्ये समजेल. ही इथली चाचणी प्रपोजलमध्ये एका ग्राफसकट टाक, वाचणाऱ्याचा विश्वास लगेच बसतो.

व्हिसाचं एक लक्षात ठेव. स्वालबार्ड १९२० च्या करारामुळे वेगळं आहे, तिथे राहायला व्हिसा लागत नाही असं तू वाचलं असशील आणि ते बरोबर आहे, पण जायचा रस्ता नॉर्वेतून म्हणजे शेंगेनमधून, एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, जातो. स्वालबार्डला गेलीस की शेंगेनच्या बाहेर पडलीस, परतताना पुन्हा आत. म्हणून निदान दोन वेळा प्रवेशाचा व्हिसा माग, एकदाच प्रवेशाचा मिळाला तर परतीला अडकशील.

आईच्या भीतीबद्दल. अस्वलं आहेत, खोटं सांगू नकोस. वस्तीबाहेर जायचं तर सोबत रायफल आणि ती चालवायचं प्रशिक्षण लागतं, कोणी एकटं फिरत नाही, आणि सुरुवातीलाच सुरक्षेचं सगळं शिकवतात. पण तुझं बहुतेक काम लॅबच्या चार भिंतींत आणि इतरांबरोबर बोटीवर असेल. तिला खरी माहिती द्यायची ती दवाखान्याची, मोठं हॉस्पिटल तिथे नाही, लाँगइयरब्येनला, स्वालबार्डच्या मुख्य गावात, छोटं आहे आणि गंभीर काही झालं तर नॉर्वेत ट्रॉम्सोला नेतात, म्हणून विम्यात शोध आणि बचावाचा खर्च धरलेला हवा. आणि फोनचं. नी-ऑलेसुंड हा रेडिओ शांततेचा भाग आहे, तिथल्या मोठ्या अँटेना दूरच्या ताऱ्यांसारख्या स्रोतांकडून येणारे क्षीण सिग्नल पकडतात, त्यामुळे ब्लूटूथ आणि वायफायवर बंधनं असतात, सध्या नेमका काय नियम आहे ते यजमानांना विचारून घे. रोज रात्री व्हिडिओ कॉल होईलच असं घरी सांगून जाऊ नकोस, नाहीतर पहिल्याच दिवशी डिचोलीत सगळे घाबरतील.

राहिला पोस्टडॉक. आर्क्टिक केलं नाही तर मिळणार नाही, हे तुला कोणी सांगितलं ते तू लिहिलं नाहीस, मला वाटतं कोणी सांगितलंच नसेल, इतरांचे लाल जॅकेटमधले फोटो बघून तुझं तूच ठरवलंस. पोस्टडॉकला घेणारा माणूस बघतो की तुला प्रश्न विचारता येतो का, पद्धत पक्की आहे का, लिहून पूर्ण करतेस का. पावसाळ्यात झुआरीचं पाणी एकदम गोडं होतं, नंतर परत खारट, तेवढ्यात तुझे कोपेपॉड कसे तगतात, याच्यावर जगात फार थोडे लोक काम करतात. जाळीच्या शेवटच्या डब्यातून गाळ, काड्या, प्लास्टिक बाजूला करून त्यातला एक जिवंत प्राणी पिपेटने न दुखावता उचलणं, ही तुझी रोजची सवय आहे, आणि त्या युरोपातल्या बाईंना नेमकं तेच आवडलं होतं. त्यांनी तुला बोलावलं ते तुझ्या झुआरीच्या कामावरून.

तर या आठवड्यात ते एक पान लिही, गाईडना दाखव. त्यांनी हो म्हटलं की दोन मेल कर, एक सड्याला, पुढचा प्रोजेक्ट कॉल केव्हा आणि युनिव्हर्सिटीतून प्रपोजल कसं द्यायचं हे विचारणारा, आणि दुसरा त्या बाईंना, त्यांच्या चालू प्रोजेक्टचा नंबर आणि त्यात जागा आहे का हे विचारणारा. लॅबला त्यानंतरच लिही, "मागच्या मेलमधल्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर" असं सुरुवातीलाच लिहून. पान तयार झालं आणि गाईडकडे नेण्याआधी कोणी नजर घालायला हवी असेल तर मला पाठव, मी वाचते.